हीट पंप लावाचा तर विहिरीवर का जमिनीत?

राजेहो, हीट पंप म्हणजे घरातली गरमी ओढून बाहेर सोडणारी एसीसारखी मशीन. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते अन् खोल विहिरीचं पाणी मात्र 27-28 च्या आसपासच राहते, मंग घरातली गरमी त्या तापल्या हवेत फेकण्यापेक्षा पाण्यात सोडली तर लाईट कमीच लागंल ना, जिओथर्मल, म्हणजे गरमी पाण्यात नाहीतर जमिनीत सोडणाऱ्या, हीट पंपाचं गणित एवढंच. पण ऐन उन्हाळ्यात विहीर तळाले जाते, तिथंच घोडं पेंड खाते. जमिनीत गरमी सोडाले वरच्यावर पाईप पुरावं तर काळी माती अशी भेगाळते का हात आत जाते, पाईपाचा मातीशी कॉन्टॅक्टच सुटते. त्यापेक्षा खडकात खोल बोअर बरा, पण खर्च लय! शिवाय थंड देशात हिवाळ्यात जमिनीतून गरमी काढतेत, आपण नुसती भरतच राहणार, मंग हळूहळू जमीनही तापणार. घरापुरता कूलरच परवडते, जुलैच्या चिकचिकीत तो कामाचा नाही ते सोडा.