यातली खरी कुठली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी आपणहून काढत नाही. काढला की समोरच्याचं जेवण थंड होतं, असा अनुभव आहे.

मी डब्लिनला राहते, टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, वाजवते आणि गेली चार वर्षं एकाच आयरिश जिगची निरनिराळी रूपं जमवत बसले आहे. हे कळलं की आपली माणसं आधी कौतुक करतात आणि मग विचारतात, "बरं, पण यातली खरी कुठली?" सगळ्यात चिवटपणे विचारतात ते माझे मामा. त्यांची उभी हयात साताऱ्याकडे शाळेत मराठी शिकवण्यात गेली. फोनवर त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "अगं, एकनाथांनी काय केलं? शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली की नाही? आणि बजावलं, की यात कुणी आपली ओवी घुसडली तर अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखं होईल. तुझ्या त्या आयरिश लोकांत एकही एकनाथ झाला नाही का?"

झाला, मामा. शिकागोचा पोलीसप्रमुख होता. पण त्याने काय केलं ते सांगण्याआधी ही जिग काय भानगड आहे ते सांगायला हवं.

जिग म्हणजे नाचाची धून. एका आवर्तनात सहा छोट्या मात्रा, तीन-तीनच्या दोन गटांत. दादरा डोळ्यापुढे आणलात तरी चालेल, फक्त दादऱ्याचं डुलणं काढून टाका. इथे पाय दोनदा आपटतो आणि पुढे ढकलतो. आठ आवर्तनांचा एक भाग, तो दोनदा वाजवायचा, मग दुसरा भाग दोनदा, की झाली धून. बहुतेक जिगांचे असे दोनच भाग असतात. माझ्या जिगचे पाच आहेत. किंवा सहा. भांडण तिथूनच सुरू होतं.

तिचं नाव 'द फ्रीझ ब्रिचेस'. फ्रीझ म्हणजे जाडंभरडं, खरबरीत लोकरी कापड, आपल्या घोंगडीच्या जवळचं. ब्रिचेस म्हणजे गुडघ्यापर्यंतची विजार. थोडक्यात, 'घोंगडीची विजार'. हीच चाल पश्चिमेकडे, कॉनेमारात, आयरिश भाषेतल्या 'कूनला' नावाच्या गमतीच्या गाण्यात भेटते. त्यात एक बाई विचारते, खाली बांध कोण पाडतंय? मीच तो, म्हणतो कूनला. कूनला राजा, आणखी जवळ येऊ नकोस. पण तो येतो. पुढच्या कडव्यात खिडकीशी, मग चुलीपाशी, मग पांघरूण ओढायला, मग तळपायाला गुदगुल्या करायला. कार्ना गावचा थोर गायक जो हीनी हे गाणं म्हणायचा. गाण्याला जिगचा थोडाच भाग पुरतो, बाकीचे भाग वाजवणाऱ्यांचे. आणि याच चालीवर आणखी एक गाणं होतं, त्याचं नाव 'बायकोला पुरलं आणि तिच्यावर नाचलो'. मामांना हे नाव मी अजून सांगितलेलं नाही.

मी ही जिग पुस्तकातून शिकले आणि तीच माझी चूक झाली. पुस्तकात सहा भाग होते, ते दोन महिने घासून बसवले. मग एका मंगळवारी आमच्या नेहमीच्या पबमधल्या सेशनला, म्हणजे जमून वाजवायच्या बैठकीला, कुणीतरी ती सुरू केली. दोन फिडल, एक फ्लूट, एक कॉन्सर्टिना आणि कोपऱ्यात मी. पाच भाग सगळे बरोबर होतो. पाचवा संपला आणि माझी बोटं सहाव्यात शिरली, तर बाकी मंडळी पहिल्यावर परतलेली. चार आवर्तनं मी एकटीच, भलत्याच रस्त्यावर. व्हिसल इतकं किरटं असतं, की चूक लपवायचीही सोय नाही.

धून संपल्यावर फ्लूटवाल्या म्हाताऱ्यांनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "ही तुला कुणी दिली?"

इथे असंच विचारतात. कुठे शिकलीस असं नाही, कुणाकडून मिळाली असं. मी म्हटलं, पुस्तकातून.

"असं. आणि पुस्तकाला कुणी दिली?"

त्यांना उत्तर नको होतं, ते थट्टा करत होते. पण माझ्या डोक्यात तो किडा शिरला तो शिरलाच.

पुस्तक होतं फ्रान्सिस ओनीलचं. 1848 चा जन्म, कॉर्क परगण्यात बँट्रीजवळचं ट्रालिबेन हे गाव. सोळाव्या वर्षी घर सोडून जहाजावर गेला, जगभर भटकला, पॅसिफिकमध्ये त्याचं जहाज फुटलं, त्यातूनही वाचला. 1873 मध्ये शिकागोच्या पोलिसांत भरती झाला आणि थोड्याच दिवसांत एका चोराची गोळी अंगात घेतली. ती शेवटपर्यंत तशीच राहिली. 1901 ते 1905 तो तिथला पोलीसप्रमुख होता. 1903 मध्ये त्याने 1850 धुनांचा संग्रह छापला आणि 1907 मध्ये 1001 नृत्यधुनांचा. या दुसऱ्याला वादक आजही नुसतं 'ते पुस्तक' म्हणतात. गंमत म्हणजे या माणसाला नोटेशन लिहिता येत नव्हतं. तो धुना कानात भरून आणायचा, गुणगुणून किंवा वाजवून दाखवायचा आणि त्याच्याच खात्यातला जेम्स ओनील नावाचा फिडलवादक त्या कागदावर उतरवायचा. आडनाव एक, पण तो उत्तरेकडचा.

तर तीच ती शुद्ध प्रत, असं मलाही वाटलं होतं. मग त्याचं 1910 चं आठवणींचं पुस्तक हाती आलं आणि त्यात तो अगदी सहज सांगून टाकतो: 'फ्रीझ ब्रिचेस' आपल्याला डेलेनीकडून मिळाली, आणि आईच्या गाण्यातला लक्षात राहिलेला एक भाग आपण तिला जोडला, असे मिळून छापील धुनेचे सहा भाग झाले.

बार्नी डेलेनी हा पाइप्स (पिशवीतल्या हवेवर वाजणारं वाद्य) वाजवणारा, शिकागोतला पोलीस आणि ओनीलच्या नात्यातलाही. आई तिकडे ट्रालिबेनला. ओनीलने घर सोडलं 1865 मध्ये आणि संग्रह छापला 1903 मध्ये. म्हणजे चुलीपाशी कानावर पडलेलं गाणं या माणसाने अडतीस वर्षं डोक्यात वागवलं, जहाज फुटलं तेव्हाही आणि गोळी लागली तेव्हाही, आणि मग ते एका पाइपवाल्या पोलिसाच्या धुनेला शिवून टाकलं. त्याच्या आधी ते सहाही भाग याच क्रमाने एकत्र कुणी वाजवले असतील, असं मला वाटत नाही. ज्याला जग 'प्रमाण' म्हणतं, ते ठिगळकाम आहे, आणि करणाऱ्याने ते लपवलेलंही नाही.

(इथे मला माझी आजी आणि तिच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या, असं लिहायची पद्धत आहे. पण आमची आजी गात नसे. पिठाच्या गिरणीत डबा पाठवायची आणि रेडिओ ऐकायची.)

मग मी जमवायलाच लागले. इथे मेरियन स्क्वेअरवर, 73 नंबरच्या घरात, पारंपरिक संगीताचं संग्रहालय आहे. कुणीही जावं, हेडफोन लावावा आणि ऐकत बसावं. शनिवारचे शनिवार मी तिथे घालवले. नवरा म्हणतो, त्या खुर्चीला तुझा आकार आला असेल.

चार वर्षांत जे हाती लागलं त्यात भागांची संख्या ही सगळ्यात क्षुल्लक गोष्ट ठरली. खरी मौज एका सुरात आहे. ही धून डी सुरावर आधारलेली. डी म्हणजे आपला सा धरलात, तर सी हा कोमल निषाद आणि त्याच्या वरचा सी शार्प शुद्ध. कागदावर कोमल निषाद दिसतो, म्हणजे थाट आपल्या खमाजाचा. व्हिसलवर शुद्ध निषादाला सहाही भोकं मोकळी सोडतात. कोमलला वरचं पहिलं भोक उघडं आणि दुसरं-तिसरं झाकलेलं. आता एका फिडलवाल्याचं जुनं ध्वनिमुद्रण मी निम्म्या वेगावर लावलं, तर त्याचा निषाद ना इकडचा ना तिकडचा. दोन्ही बोटं ठेवून बघितली, जुळेना. शेवटी दुसरं बोट भोकावरून अर्धवट सरकवलं तेव्हा कुठे त्याच्याजवळ पोचले. वरच्या साकडे जाताना तो सूर किंचित चढतो आणि खाली येताना उतरतो. पाइप्सवाले अशा सुराला थट्टेने 'सी सुपरनॅचरल' म्हणतात. नॅचरल नाही आणि शार्पही नाही, म्हणून सुपरनॅचरल, भुताटकीचा. आपल्याकडे श्रुती म्हटलं की विषय मिटला असता. पण जेम्स ओनीलने पाच रेघांवर हे लिहायचं कसं? त्याने एक ठिपका ठेवला आणि पुढे गेला. मी दोन महिने तोच ठिपका घासत होते.

नावांच्या घोळाबद्दल थोडक्यातच सांगते, नाहीतर रात्र होईल. 'मॉरिसन्स जिग' म्हणून जी घरोघरी वाजते, ती 1936 मध्ये न्यू यॉर्कमध्ये जेम्स मॉरिसनने ध्वनिमुद्रित केली तेव्हा तिच्यावर नाव होतं मॉरिस कारमोडीचं. कारण ती केरीच्या टॉम कारमोडीने त्याला दिली होती, आणि मॉरिस हा टॉमचा बाप. घरात तिचं नाव आणखी वेगळंच होतं. आज बापही गेला, मुलगाही गेला, तबकडीवाल्याचं नाव राहिलं. ज्या धुनेचं नावच हरवतं, तिच्यावर 'गान आनम' लिहितात. आयरिशमध्ये त्याचा अर्थ 'बिननावाची'. हे माहीत नसताना मी एकदा एकाला गंभीरपणे विचारलं होतं, की हा गान आनम कुठल्या परगण्याचा, फारच धुना आहेत त्याच्या.

हा सगळा गुंता सोडवायचा नेटाने प्रयत्न केला तो ब्रँडन ब्रॅनख यांनी. सरकारी नोकरी सांभाळून हा पाइप्स वाजवणारा माणूस धुना जमवायचा. त्यांच्या संग्रहाचा पहिला खंड 1963 चा. त्यांनी हजारो धुनांची कार्डं केली आणि प्रत्येक धुनेला आकड्यांची खूण दिली. नावावर भरवसाच ठेवायचा नाही. सुरुवातीच्या आवर्तनांत ज्या सुरांवर जोर पडतो, ते आकड्यांत मांडायचे. आधारसूर 1, त्याच्या वरचा 2, असं. म्हणजे एकच धून दोन गावांत दोन नावांनी आणि दोन पट्ट्यांत वाजत असली, तरी कार्डं शेजारी शेजारी येतात. काय डोकं आहे! पण माझी विजार या युक्तीलाही दाद देत नाही. कुणाचा पहिला भाग दुसऱ्या कुणाचा तिसरा असला, की सुरुवातच बदलते आणि कार्ड भलत्याच खणात जातं. ओनीलने स्वतःच लिहून ठेवलंय, की ही 'ओ'गॅलाघर्स फ्रॉलिक्स' नावाच्या दुसऱ्या जिगसारखी बरीच वाटते. मग ती बहीण, की तीच बाई दुसऱ्या लुगड्यात? माझ्यापुरतं मी ठरवलंय की बहीण. फ्लूटवाले म्हणतात, शेजारीण.

मामांना ओनीलच्या आईची हकिकत मागच्या महिन्यात सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे त्याने स्वतःच नरोटी ठेवली."

"हो, मामा."

"आणि ठेवल्याचं सांगितलंही?"

"छापून."

पुन्हा शांतता. मी म्हटलं, आता एकनाथ येणार. पण मामा म्हणाले, "मग त्या सहातला आईचा कुठला?"

ओनीलने ते लिहिलेलं नाही. जेम्सने सहाही भाग एकाच हाताने, एकाखाली एक उतरवले. शिवण कुठे दिसत नाही. फ्लूटवाल्यांचं आणि माझं यावर बरेचदा वाजलंय. त्यांचं म्हणणं, जे भाग खालच्या डीवर रेंगाळतात ते डेलेनीचे, कारण पाइप्सवर त्या सुराची जी खास करामत करतात, ती करायला पाइपवाला तिथे मुद्दाम थांबणार. माझं म्हणणं, एका दमात गाऊन बघा. ज्यात श्वास घ्यायला जागा सापडते तो गाणाऱ्या बाईचा. या दोन कसोट्यांची उत्तरं जुळत नाहीत. शिवाय ते प्रत्येक वेळी आपलं उत्तर बदलतात.

मामांसाठी फोन टेबलावर उभा करून मी सहाही भाग वाजवले, सावकाश, प्रत्येक दोनदा, मध्ये थांबून नंबर सांगत. संपल्यावर त्यांनी चौथा पुन्हा मागितला. मग दुसरा. मग म्हणाले, "चौथा. नक्की चौथा. चुलीपाशीचा आहे तो."

"कशावरून?"

"तू वाजव गं आणखी एकदा."