मोॲबच्या लाल दगडांत: सह्याद्रीत फिरलेल्यांसाठी काही सूचना

ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही दोन कुटुंबं सॉल्ट लेक सिटीहून गाडीने अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मोॲब या गावी गेलो. अंतर सुमारे ३७५ किलोमीटर, साधारण चार तासांचा रस्ता. मुक्काम गावात आणि फिरणं आर्चेस व कॅन्यनलँड्स या दोन राष्ट्रीय उद्यानांत. युटातल्या उद्यानांत झायनचं नाव मोठं, पण बरोबर लहान मुलं आणि सत्तरीच्या सासूबाई असतील तर मोॲब जास्त सोयीचं. अर्ध्या तासाची पायवाट आणि दिवसभर घाम काढणारी वाट, दोन्ही एकाच मुक्कामावरून होतात.

आमच्यातले बरेचजण राजगड, हरिश्चंद्रगड केलेले. आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या नैसर्गिक दगडी कमानीची वाट जाऊन-येऊन ४.८ किलोमीटर आणि चढ जेमतेम १५० मीटर. सिंहगडाच्या वाटेपुढे हे आकडे किरकोळच. पण वाटेत सावली म्हणून नाही, मधला मोठा टप्पा उघड्या कातळावरून चढायचा आणि जिथून वाट सुरू होते तिथे पाण्याचा नळही नाही. गडावर टाकं असतं, पायथ्याच्या वाडीत कुणीतरी ताक देतं. इथे पाठीवर असेल तेवढंच पाणी. पाणी आर्चेसच्या प्रवेशद्वाराजवळच्या माहिती केंद्रातच भरून घ्या. दिवसाला माणशी चार लिटर हा उद्यानाचा सल्ला आहे, आणि तो मुळीच अति नाही. हवा इतकी कोरडी की घाम आला तरी लगेच उडून जातो, शर्ट कोरडाच राहतो आणि तहान लागलीय हे उशिरा कळतं. मात्र नुसतं पाणी ढोसत राहिलात तर शरीरातलं मीठ कमी होऊन गरगरायला लागतं. आम्ही भडंग, खारे दाणे आणि पोळी-लोणचं नेलं होतं. महागड्या एनर्जी बारपेक्षा ते केव्हाही बरं.

आम्ही डेलिकेट आर्चला सूर्यास्ताच्या हिशेबाने दुपारी उशिरा निघालो. सुरुवातीलाच वुल्फ रँच या जुन्या वस्तीजवळ यूट लोकांनी कोरलेली घोडेस्वारांची चित्रं आहेत. वाटेवरून थोडंच आत जावं लागतं, तरी बहुतेक लोक न बघता पुढे पळतात. चित्रांना हात लावू नका, बोटांच्या तेलानेही ती खराब होतात. पुढे कातळावर दगडांवर दगड रचलेल्या खुणा धरून जायचं. हौसेने स्वतःची उतरंड रचू नका, मागचा माणूस त्यानेच चुकतो. शेवटी कड्याच्या कडेने साधारण १८० मीटरची अरुंद वाट आहे, तिथे मुलांचा हात धरा. वळण संपलं की कमान एकदम समोर येते. गर्दी भरपूर असते, फोटोसाठी चक्क रांग लागते. परतताना अंधार पडतो, म्हणून प्रत्येकाकडे हेडटॉर्च हवाच. मोबाइलच्या उजेडावर उतरणारे बरेच दिसले. त्यात एक हात अडकतो आणि बॅटरीही जाते.

दुसरी सकाळ आर्चेसच्याच डेव्हिल्स गार्डन भागात. लँडस्केप आर्चपर्यंतची वाट सपाट आणि सगळ्यांना जमेल अशी. ९३ मीटर लांबीच्या त्या कमानीतून १९९१ साली मोठी कपची कोसळली, तेव्हापासून तिच्याखाली जायला बंदी आहे. सासूबाई तिथूनच एका सोबत्याबरोबर परतल्या, आम्ही पुढे दगडी भिंतींच्या माथ्यावरून डबल ओ आर्चकडे गेलो. हा वाळूचा दगड कोरडा असताना पॉलिश पेपरसारखा बूट धरतो, त्यामुळे चढताना उगाच धीर येतो. खरी परीक्षा उतरताना होते, विशेषतः दगडावर वाळू सांडलेली असेल तिथे. जिथून उतरता येईल याची खात्री नाही तिथे चढू नका. पाऊस किंवा बर्फ पडून गेला असेल तर पुढची आडवाट सोडूनच द्या.

वाटेच्या कडेला जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. तो सूक्ष्मजीव, शैवाक आणि शेवाळ यांचा जिवंत थर आहे; वाळू तोच धरून ठेवतो. एका पावलाने मोडला तर भरून यायला वर्षानुवर्षं जातात. पाय ठेवायचा तो वाटेवर, कातळावर किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूत.

कधी जावं? एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांवर जातो, आणि जुलै ते सप्टेंबर वादळी पावसाचा काळ. आपल्याकडे पाऊस आला की तो दिसतो तरी. इथे डोक्यावर निळं आभाळ असतानाही दूरवर पडलेल्या सरीचं पाणी अरुंद घळीत लोंढा होऊन येतं. १४ सप्टेंबर २०१५ला झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात सात जण गेले. अंदाजात वादळ असेल तर घळीत उतरायचं नाही, यावर चर्चा नको. ऑक्टोबरात दुपारी टी-शर्ट पुरला, पहाटे मात्र कानटोपी लागली. दिवस-रात्रीच्या तापमानात इथे वीस-बावीस अंशांचा फरक सहज पडतो.

ती कानटोपी कॅन्यनलँड्सच्या मेसा आर्चला कामी आली. वाट अगदी छोटी, पण सूर्योदयाआधी पोचा, नाहीतर कॅमेऱ्यांच्या तिपायांच्या मागे उभं राहावं लागेल. ज्येष्ठांसाठी माझी पसंती ग्रँड व्ह्यू पॉइंट: गाडीतून उतरल्यावर काही पावलांतच सगळा पसारा दिसतो, आणि जमत असेल तर कड्याकडेने तीन किलोमीटरची सोपी फेरी आहे.

आर्चेसच्या प्रवेशाचे नियम हंगामागणिक बदलतात, निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहा. नकाशे फोनवर आधीच उतरवून ठेवा, आत रेंज जवळपास नसते. पेट्रोल आणि जेवणाची सोयही मोॲबमध्येच करा. दोन्ही उद्यानांत ना पंप आहे ना हॉटेल.