ग्रुपमधली सगळ्यात बारकी गाडी

टूरिंगसाठी, म्हणजे लांब फिरायला, कुठली बाईक घेऊ हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतच असतं. ऑफिसातला नवीन पोरगा असतो नाहीतर मावसभावाचा कोणीतरी मित्र, बजेट सांगतात, उंची सांगतात, युट्यूबवर बघितलेल्या चार गाड्यांची नावं सांगतात आणि मग म्हणतात दादा तुम्ही एवढे फिरता, तुम्हीच सांगा. मी उलट विचारतो की फिरणार कुणाबरोबर आहेस? एकटा फिरणार असशील तर जी आवडेल ती घे, पण ग्रुपनं फिरायचं असेल तर बाकीच्यांकडे काय आहे ते आधी बघ. यावर पोरं जरा नाराज होतात, त्यांना ब्रँडचं नाव ऐकायचं असतं.

आमच्यात सध्या पाच गाड्या आहेत आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. अण्णाची जुनी बुलेट, कास्ट आयर्न इंजिनवाली, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, त्यामुळे दुसऱ्या कुणाला चालवायला दिली की पहिल्याच चौकात तो गिअर समजून ब्रेक दाबतो. पक्याची डॉमिनार ४००, ती चाकणच्या कारखान्यातली म्हणजे आम्हा पुणेकरांची गाववाली. डॉक्टरची इंटरसेप्टर ६५०, दोन सिलेंडर, ४७ बीएचपी, वजन दोनशे किलोच्या वर. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, आणि गाडीला ओरखडा गेला की स्वतःचा दात पडल्यासारखं तोंड करतात. माझी हिमालयन, जुनी ४११ वाली. आणि बाळ्याची युनिकॉर्न, दीडशे सीसी, कार्ब्युरेटरवाली, मागे दुधाच्या कॅनला लावतात तसला कॅरिअर. बाळ्याचा खरंच दुधाचा धंदा आहे का तर नाही, बँकेत आहे, पण कॅरिअर काढत नाही.

आता यात कागदावर बघितलं तर टूरिंगची गाडी म्हणून सगळ्यात शेवटचा नंबर युनिकॉर्नचा. आणि माझं म्हणणं असं आहे की आमचा ग्रुप तिच्यावर चालतो.

स्पीडचंच घ्या. डॉक्टर आणि पक्या हायवेला शंभर एकशे दहावर आरामात असतात, मी नव्वदला खूष, बाळ्या ऐंशीच्या आतबाहेर आणि अण्णा सत्तर. सत्तरच्या पुढे बुलेटचे आरसे एवढे थरथरतात की मागे ट्रक आहे का डोंगर ते कळत नाही. सुरुवातीला काय व्हायचं, मोठ्या गाड्या पुढे निघून जायच्या आणि कुठल्यातरी टपरीवर थांबून आमची वाट बघत बसायच्या आणि आम्ही पोचलो की त्यांचा चहा झालेला असायचा, म्हणजे ते लगेच निघायला तयार आणि आमचं बूड अजून टेकलेलं नाही. मग उलटं केलं. आता बुलेट सगळ्यात पुढे, तिच्या मागे युनिकॉर्न, मग मी, मग पक्या आणि शेपटाला डॉक्टर. लोकांना वाटतं ज्याची गाडी भारी त्यानं लीड करायचं. अहो पण ज्याच्याकडे पॉवर आहे तोच मागे पाहिजे, कारण कुणी थांबलं तर तो त्याच्यापाशी थांबू शकतो आणि नंतर दहा मिनिटांत पुढच्यांना गाठू शकतो. अण्णा मागे राहिला आणि थांबला तर तो थेट मुक्कामालाच भेटणार.

दुसरा नियम एकच, प्रत्येकानं आपल्या मागचा आरशात दिसतोय का बघायचं. वळण घेतलं, फाटा आला, तर मागचा दिसेपर्यंत फाट्यावर उभं राहायचं. त्यानं वळण बघितलं की निघायचं. अशानं पुढच्याला फक्त रस्ता बघायचा असतो आणि कोणी चुकत नाही, आणि कोकणात रेंज जाते तेव्हा याची किंमत कळते.

घाटात तर सीसीचा प्रश्नच मिटतो. ताम्हिणीत पावसाळ्यात गेलात तर समजेल, मुळशी सोडलं की धुकं, झाडाखाली ओला पाला, कडेला शेवाळ, धबधब्यापाशी रस्त्यातच गाड्या लावून फोटो काढणारी पब्लिक, आणि खालनं माणगावची एसटी अख्खं वळण खात वर येते. तिथे चाळीसच्या वर कोणाला जायचंय? तिथे ६५० आणि १५० एकाच रांगेत आणि उतारावर अण्णाची बुलेट नुसत्या इंजिन ब्रेकिंगवर, म्हणजे ब्रेक न दाबता खालच्या गिअरमधे इंजिननंच वेग धरून, धडधड करत सगळ्यात निवांत उतरते. पहिल्या पावसात तर जास्तच जपायचं, रस्त्यावर मुरलेलं ऑइल नेमकं तेव्हाच वर येतं, चार दिवस जोरात पडून गेला की उलट टायर बरा धरतो.

आमचा आवडता रूट म्हणजे ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि तिथून समुद्राच्या कडेकडेनं रत्नागिरीपर्यंत. ह्यात तीन खाड्या लागतात आणि तिन्हीवर जेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट आहे, बागमांडल्याहून वेश्वीला सावित्रीची खाडी, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी आणि तवसाळहून जयगडला शास्त्री. दाभोळला जेटी घेतली नाही तर दापोली खेड चिपळूण गुहागर असा शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा पडतो. फेरीबोटीवर बाईकवाले सहसा कडेला कोपऱ्यात, मधे कार आणि टेम्पो. रॅम्प लोखंडी आणि ओला असतो, त्यावर पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही, फर्स्ट गिअरमधे अर्धा क्लच धरून हळू चढायचं, आणि वर गेल्यावर साइड स्टँड लावून गाडी गिअरमधेच ठेवायची म्हणजे बोट हलली तरी गाडी सरकत नाही. डॉक्टर तर एवढं करूनही अख्खी खाडी पार होईपर्यंत हँडल धरून उभे. बाळ्या तेवढ्यात वरच्या डेकवर जाऊन कुणाशी तरी ओळख काढून परत आलेला असतो.

ह्याच रूटवर केळशी आणि आंजर्ल्याच्या मधे माझं मागचं चाक बसलं. हिमालयनला स्पोकची, तारांची चाकं, म्हणजे आत ट्यूब. पक्याच्या डॉमिनारला अलॉय, म्हणजे बिनतारांची ओतीव चाकं, आणि टायर ट्यूबलेस, त्याच्याकडे किट असतं, खिळा उपटायचा, भोकात चिकट दोरी घुसवायची, हवा मारायची, दहा मिनिटांचं काम, पण ते किट माझ्या काय कामाचं? ट्यूब काढायची तर चाक काढावंच लागतं. नशीब की हिमालयनला सेंटर स्टँड आहे. चिऱ्याच्या गडग्याला लागून गाडी उभी केली, चेन उतरवली, चाक काढलं, आणि आता हे चाक न्यायचं कशावर? इंटरसेप्टरवर न्यायला डॉक्टरचा जीव होईना, सीटला ग्रीस लागेल, बुलेटवर अण्णाची सगळी बोचकी बांधलेली. शेवटी बाळ्याच्या त्या दुधाच्या कॅरिअरवर चाक बंजी दोरीनं आवळलं आणि दोघं पुढच्या गावात गेलो. पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघितले, एक नाही दोन भोकं निघाली. तोवर मागे राहिलेल्या तिघांना शेजारच्या घरातल्या काकूंनी कोकम सरबत पाजलं होतं आणि अण्णानं त्यांच्याकडून पुढच्या मुक्कामासाठी ओळखीतल्या खानावळीचा नंबरपण घेऊन ठेवला होता.

पेट्रोलचं गणित तर अजून मजेशीर आहे. इंटरसेप्टरची टाकी १३.७ लिटरची आणि युनिकॉर्नची १३ लिटरची, म्हणजे जवळपास सारखीच, पण डॉक्टरला लिटरला पंचवीसेक किलोमीटर पडतात आणि बाळ्याला पन्नास. म्हणजे डॉक्टर पंप शोधायला लागतात तेव्हा बाळ्याची अर्धी टाकी शिल्लक असते. गुहागरच्या पुढे वेळणेश्वर, हेदवी करत आम्ही तवसाळकडे चाललो होतो, डॉक्टरच्या गाडीचा पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागून बराच वेळ झालेला, आणि वाटेतला पंप बंद. आता फ्युएल इंजेक्शनच्या गाडीतून पेट्रोल काढायचं म्हणजे व्यापच असतो, आत पंप, प्रेशरची लाइन, तिला बाहेरून कॉक, म्हणजे पेट्रोलची चावी नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीला टाकीखाली कॉक असतो, पाइप उपसायचा, बिसलेरीची बाटली धरायची, कॉक उघडायचा. बाळ्यानं दोन बाटल्या भरून दिल्या. दीडशे सीसीवाल्यानं साडेसहाशेवाल्याला पेट्रोल पाजलं, याचे फोटो ग्रुपवर अजून दर वाढदिवसाला येतात. (बाटलीतून पेट्रोल नेणं हा काही चांगला धंदा नाही, हे तिथल्या तिथे एका गाडीतून दुसरीत ओतायचं होतं म्हणून चाललं, आणि अण्णाला बिडीसकट आधी लांब पाठवलं.)

मोठ्या गाड्यांना मी नावं ठेवत नाहीये. येताना आंबा घाटानं मलकापूर करत कोल्हापूरला येतो, तांबडा पांढरा होतो, आणि मग पुण्यापर्यंत तो सरळसोट हायवे. तिथे सत्तरनं जाणं म्हणजे पक्या आणि डॉक्टरला शिक्षाच आहे, त्यामुळे कोल्हापूर सुटलं की त्यांना मोकळं सोडतो, साताऱ्याला भेटा म्हणून. तिथे इंटरसेप्टरचा तो दोन सिलेंडरचा आवाज मोकळा होतो ना, तेव्हा मलाही वाटतं की घ्यावी. पण हिशोब करा, कोल्हापूर ते सातारा साधारण एकशेवीस किलोमीटर, सत्तरनं गेलात तर जेमतेम पावणेदोन तास, शंभरनं गेलात तर सव्वा तासाच्या जरासं आत. अर्धा तास वाचला. त्या अर्ध्या तासात ते मिसळ मागवतात, आणि आम्ही पोचतो तेव्हा ती टेबलावर येते. टोलला सगळेच फुकट, डावीकडच्या बारक्या लेनमधून.

बाकी सामानाबाबतीत आमचं अजून एकमत नाही. अण्णा बुलेटच्या क्लच केबलला जोडून दुसरी केबल आधीच बांधून ठेवतो, तुटली की फक्त टोकं बदलायची, जुने बुलेटवाले असंच करतात. पक्याकडे सगळं महागाचं, वॉटरप्रूफ बॅगा, त्यात परत बॅगा. बाळ्या सगळं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून ती गोणीत घालतो आणि गोणी कॅरिअरला, आणि ताम्हिणीतून बाहेर पडल्यावर कुणाचे कपडे कोरडे आहेत ते मी इथे लिहीत नाही, पक्या वाचतो.

तर ताजी बातमी अशी की बाळ्याला प्रमोशन मिळालंय आणि तो नवी गाडी बघतोय. हिमालयन ४५० ची टेस्ट राइड मारून आला, ४० पीएस, लिक्विड कूल्ड, काय ते वर्णन, आणि युनिकॉर्न भाच्याला देणार म्हणाला. ग्रुपवर दोन मिनिटं शांतता. मग सगळे एकदम तुटून पडले, हप्ते किती जातील, पार्किंगला जागा आहे का, घरी विचारलंस का, आणि नवीला कॅरिअर लागतो का ते आधी बघ. सगळ्यात जास्त जोर डॉक्टरचा. युनिकॉर्नचा चेन स्प्रॉकेटचा सेट माझ्याकडून, वर दोन्ही टायर, फक्त विकू नको, असा त्यांचा मेसेज आहे. बाळ्यानं अजून उत्तर दिलेलं नाही, तो बहुतेक आणखी काय काय मिळतंय याची वाट बघतोय.