थोरल्यांचा माग

माझ्या नवऱ्याच्या घराण्यात एक कथा पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. मूळ पुरुष म्हणे इंग्लंडातल्या एका सरदाराचा धाकटा मुलगा. बापाशी भांडून जहाजात बसला, अमेरिकेत मेरीलँडला उतरला आणि जमीनजुमला करून राहिला. नवऱ्याच्या आत्यांच्या दिवाणखान्यात त्या सरदाराचं मानचिन्ह काचेच्या चौकटीत लावलेलं आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ते बघत होते आणि मनात म्हणत होते, आमच्याकडेही ज्याचा त्याचा मूळ पुरुष पेशव्यांच्याच पदरी असतो.

लेकीला सहावीत शाळेतून पूर्वजांवरचा प्रकल्प मिळाला. माझी बाजू चार पिढ्यांत आटोपली. वडिलांकडची बाजू तिने आत्यांच्या कागदावरून जशीच्या तशी उतरवून काढली. माझा धंदा हिशेब तपासण्याचा. कागद हातात घेतल्याबरोबर तोंडून गेलं, ‘याचं व्हाउचर कुठाय?’ लेकीचा प्रकल्प आठवड्यात संपला, माझा तीन वर्षं चालला.

आधी आजपासून मागे जायचं, ही पहिली शिस्त. हे बरंच सोपं गेलं. १८५० पासूनच्या अमेरिकन जनगणनेत घरातल्या प्रत्येक मोकळ्या, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव मिळतं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांच्या नुसत्या संख्या, म्हणून तिथून मागे मृत्युपत्रं आणि जमिनीची खतं. नशीब एवढं की आमची मंडळी पोटोमॅक नदीकाठच्या चार्ल्स काउंटीतली, काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा. शेजारच्या सेंट मेरीज काउंटीचं कोर्ट १८३१ मध्ये जळालं, कॅल्व्हर्ट काउंटीचं १८८२ मध्ये, आणि दप्तरं गेली. चार्ल्सची दप्तरं बरीचशी शाबूत आहेत. त्यांच्या आधारे मी १६९८ च्या एका मृत्युपत्रापर्यंत आले. हेच आत्यांचे सरदारपुत्र. इस्टेटीत दोन गाई, एक वासरू, एक पलंग, थोडी लाकडी भांडी. मालकीची जमीन नाही, दुसऱ्याची खंडाने केलेली. आणि सहीच्या जागी सही नाही, एक खूण.

मी घरी येऊन म्हटलं, ‘सरदारपुत्राला सही येत नव्हती.’ नवरा हसला. आत्यांना आम्ही सहा महिने सांगितलंच नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव ‘थोरले’ पडलं. खरं नाव मी इथे लिहीत नाही, आत्यांना शब्द दिलाय.

१६९८ च्या मागे भिंत होती. वर्षभर थोरल्यांच्या नावाने शोधत राहिले. वंशावळींच्या वेबसाइटवर तेच नाव दहा झाडांना टांगलेलं, आणि दहाही एकमेकांकडून उतरवलेली. त्यांतल्या बहुतेकांनी ब्रिस्टलच्या नोंदवहीतला एक माणूस उचलला होता. ब्रिस्टल बंदरातून १६५४ ते १६८६ या काळात परदेशच्या मळ्यांवर गेलेल्या दहा हजारांवर नोकरांची नावं त्या नोंदवह्यांत आहेत, त्यामुळे बऱ्याच लोकांना तिथे ‘आपला’ माणूस सापडतोच. पण तो ब्रिस्टलवाला चार वर्षांच्या करारावर व्हर्जिनियाला चालला होता. थोरल्यांना तो जोडायला नावापलीकडे काहीही नव्हतं.

शेवटी अ‍ॅनापोलिसला मेरीलँडच्या राज्य पुरालेखागारात एका बाईंनी माझ्या याद्या शांतपणे बघितल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्ही याला शोधताय. हा गरीब होता, त्याच्या नावाने कोण कशाला कागद करणार? मालकाला शोधा.’

इथे जरा थांबून सांगते. सतराव्या शतकात इंग्लंडातून मेरीलँड-व्हर्जिनियाला आलेल्यांपैकी बहुतेक लोक असे बांधील होते. प्रवासाचं भाडं खिशात नाही, म्हणून काही वर्षांची मजुरी विकून यायचं. आपल्या सालगड्याची आठवण येते, पण सालगड्याचा धनी त्याला मध्येच दुसऱ्याला विकू शकत नाही. इथे विकता यायचं. करार एकाच कागदावर दोनदा लिहून मधोमध दातेरी कापत. भांडण झालं तर दोन्ही तुकड्यांचे दात जुळतात का बघायचं. अशा कराराला ‘इंडेंचर’ म्हणत, तो इंग्रजी शब्द त्या दातांवरून आला, आणि पुढे दोनशे वर्षांनी आपल्या लोकांनी मॉरिशस-फिजीला जाताना ‘अॅग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ केलं.

ज्यांच्याकडे कागदच नव्हता, आणि असे बरेच पोरसवदा होते, त्यांना मालकाने काउंटी कोर्टात उभं करायचं. न्यायाधीश तोंडाकडे बघून वय ठरवणार, आणि वयावरून वर्षं ठरणार. जितका लहान, तितकी जास्त वर्षं. याला म्हणत ‘देशाचा रिवाज’.

तर मालक. मृत्युपत्राचे दोन साक्षीदार होते. साक्षीदार म्हणजे शेजारी, आणि तंबाखूच्या मुलखात शेजारी म्हणजे कधीकाळचा मालक, मालकाचा जावई किंवा एकाच मालकाकडे राबलेला सोबती. त्यांच्या नावांनी मी जमिनीची दप्तरं काढली. १६७८ च्या एका नोंदीत पहिल्या साक्षीदाराला ५० एकरांचा हक्क मिळालेला दिसला. कोणाकडून? थोरल्यांकडून. मुदत पुरी केलेल्या नोकराला मेरीलँडात तेव्हा ५० एकरांचा हक्क मिळायचा. जमीन नव्हे, हक्क. मोजणीची आणि सनदेची फी ज्याची त्याने भरायची. हातात दमडी नसलेला माणूस काय करणार? थोरल्यांनी हक्क सिद्ध केला त्याच दिवशी साक्षीदाराच्या नावे करून दिला. पण हक्क सिद्ध करताना कोणाकडे राबलो ते सांगावं लागतं. मालकाचं नाव मिळालं.

मग धडाधड दारं उघडली असं नाही. चार्ल्स काउंटी कोर्टाची १६६६ ते १६७४ ची कामकाजं ‘आर्काइव्ह्ज ऑफ मेरीलँड’ या मालिकेच्या ६० व्या खंडात छापलेली आहेत, घरी बसून संगणकावर फुकट वाचता येतात. सूचीत थोरले नाहीत. मालक होता, म्हणून मालकाची सगळी पानं एकेक करून वाचली. थोरल्यांचं आडनाव ‘ह’ने सुरू होतं. कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं, आणि थोरल्यांच्या तोंडी ‘ह’ नसावाच. आडनाव स्वराने सुरू झालेलं, सूचीत भलत्याच अक्षराखाली. तीन वर्षांत त्या आडनावाची पाच रूपं जमली.

नोव्हेंबर १६७० चं कोर्ट. मालक अमुक याने आपला नोकर तमुक याला हजर केलं, कोर्टाने त्याचं वय सोळा ठरवलं. एवढंच, दोन ओळी. सोळा म्हणजे सात वर्षं. त्याच्या आधीच्या ओळीत एका डुकराच्या कानाच्या खुणेची नोंद आहे, पुढच्या ओळीत उधारीचा दावा. सोळा वर्षांचा म्हटलेला पोरगा खरा किती वर्षांचा होता देव जाणे. समुद्र ओलांडून आलेलं, दोन महिने पोट न भरलेलं पोर लहानच दिसणार.

नंतर एक कोडं पडलं. नोव्हेंबर १६७२ मध्ये थोरले नऊ दिवस पळाले, असा मालकाचा दावा. आणि त्याची शिक्षा? जानेवारी १६७२. गुन्ह्याच्या दहा महिने आधी! मी दोन वेगळे माणसं धरून आठवडाभर डोकं फोडलं. मग उजेड पडला: इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, १७५२ मध्ये त्यांनी ते १ जानेवारीला आणलं. म्हणजे जानेवारी १६७२ हा नोव्हेंबर १६७२ च्या नंतर येतो, आपल्या हिशेबाने तो १६७३. सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं हे लहानपणापासून ऐकलेल्या बाईला हे सुचायला आठवडा लागावा, याचं मला हसू आलं. तिकडेही शेतीचे करार त्याच २५ मार्चपासून धरायची रीत होती.

शिक्षा मात्र हसण्यासारखी नाही. मेरीलँडच्या कायद्याने पळालेल्या दर दिवसाला दहा दिवस. नऊ दिवसांचे नव्वद. ते कशासाठी पळाले, कुठे सापडले, कोर्टाने विचारलं असलं तरी लिहिलेलं नाही.

छापील खंड १६७४ ला संपतो. पुढे हस्तलिखित. पहिल्या पानाचा फोटो मी उघडला आणि बंद केला. गावाकडे माझे काका मोडी वाचतात, त्यांना व्हिडिओवर दाखवलं. इंग्रजी अक्षर बघून ते म्हणाले, ‘अगं, हे आमच्यासारखंच आहे. वाचू नकोस, आधी लिही. त्याच कारकुनाचा तुला माहीत असलेला शब्द घे, त्यातून त्याची अक्षरं वेगळी काढ, मग पुढे हो.’ मालकाचं नाव, काउंटीचं नाव, ‘तंबाखू’ आणि ‘पौंड’ या चार शब्दांवर मी त्या कारकुनाची बाराखडी मांडली. त्याचा ‘ई’ उलटा, ‘एस’ लांबुडका, ‘एच’ पानाखाली लोंबणारा. दोन महिन्यांत गाडी चालू लागली.

आणि मालकच नाहीसा झाला. आठ महिने गेले. तो मेला होता, हे मला मालमत्तेच्या याद्यांच्या दप्तरात कळलं. १६७५ ची यादी. ते पान मी छापून घेतलंय. वरून खाली: पितळी किटली एक. जुनी बंदूक एक, चाप मोडका. नोकर एक, तीन वर्षं बाकी, किंमत १,६०० पौंड तंबाखू. गाय, वासरासह. इथले पौंड वजनाचे, पैशाचे नव्हेत. त्या मुलखात नाणं दुर्मीळ, सगळा हिशेब तंबाखूच्या पानांत. नोकराच्या ओळीत नावसुद्धा आहे, आणि कारकुनाने नावापेक्षा ‘तीन वर्षं’ जास्त ठळक लिहिलंय. मूल्यांकनाच्या याद्या मी रोज बघते. घसारा काढून उरलेलं आयुष्य लावायची पद्धत मला पाठ आहे. ती माणसाला लावलेली पहिल्यांदा बघितली.

पुढचा दुवा विधवेने दिला. त्या मुलखात माणसं हिवतापाने पटापट मरत, बायका कमी, म्हणून विधवेचं वर्षाच्या आत लग्न. तिचं आडनाव बदललं आणि तिच्याबरोबर गेलेल्या नोकराचा मालक बदलला. मी मेलेल्या मालकाच्या नावाने शोधत होते, थोरले दुसऱ्याच्याच शेतात. तिच्या नव्या नवऱ्याच्या नावाखाली १६७८ च्या जूनचा अर्ज मिळाला: मुदत संपून चार महिने झाले, माझा मका आणि कपडे मिळाले नाहीत. मुदत संपल्यावर नोकराला एक कपड्यांचा जोड, कुदळ, कुऱ्हाड आणि तीन पिंपं मका द्यायचा रिवाज होता. नव्या धन्याचं म्हणणं, हा माझा नोकर नव्हताच, आधीच्याचा होता. कोर्टाने थोरल्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या सगळ्या कागदांत थोरल्यांनी स्वतःहून मागितलेली गोष्ट ही एकच.

सात वर्षं आणि नव्वद दिवस मी कागदावर मांडून बघितले. नोव्हेंबर १६७० पासून फेब्रुवारी १६७८. चार महिने मिळवा, जून. हिशेब जुळला. त्या रात्री मला झोप लागली नाही हे कबूल करायला हरकत नाही.

इंग्लंडातलं गाव सापडलेलं नाही आणि सापडेल असं वाटत नाही. करार नसलेल्या पोराची बंदरात नोंद कोण करणार? त्याला आणल्याबद्दल पहिल्या मालकाने ५० एकर मागितल्याची नोंद मात्र आहे. म्हणजे येताना एकाला ५० एकर, सुटताना दुसऱ्याला ५० एकर. अशाच याद्या चाळताना व्हर्जिनियाची १६३५ ची एक यादी समोर आली. जॉर्ज मेनेफी नावाच्या बड्या मळेवाल्याने आणलेल्या माणसांत ‘टोनी, ईस्ट इंडियन’. आडनाव नाही, गाव नाही. ‘ईस्ट इंडियन’ म्हणजे हिंदुस्थानातला की आणखी पूर्वेचा, त्यावरून काही ठरत नाही. तरी मी ते पान बराच वेळ उघडं ठेवलं.

आत्यांना अखेर सांगितलं. त्यांनी यादीचं पान चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाल्या, ‘१,६०० म्हणजे गाईपेक्षा जास्त की कमी?’ मी म्हटलं, जास्त. ‘मग ठीक आहे,’ त्या म्हणाल्या. मानचिन्ह भिंतीवर अजून आहे, त्याच्याखाली त्यांनी मृत्युपत्रावरची ती खूण चौकट करून लावलीय. नुसती उभी रेघ आणि तिला छेदणारी आडवी, जरा तिरकी.

काम इथे संपायला हवं होतं. पण मी मागे जाताना जे घाईघाईने ओलांडलं होतं ते पुन्हा तपासायला घेतलं, सवय आहे. थोरल्यांच्या नातवाची मालमत्तेची यादी, १७४३ ची. या घराण्याची पहिली स्वतःची जमीन त्याची. यादीत पलंग, घोडे, तंबाखूची पिंपं, आणि चार माणसं. आडनाव नाही, वय आणि किंमत. या वेळी ‘वर्षं बाकी’ असं काही लिहिलेलं नाही. तिसरी ओळ एका मुलीची आहे, वय सोळा.

तिच्या नावाने शोधून काही मिळणार नाही हे आता मला माहीत आहे. पुरालेखागारातल्या बाईंना ईमेल केला. त्यांनी विचारलं, मालकाचं नाव काय. मी आमचं आडनाव लिहिलं, पाचही रूपांत.