४० मीटरवरचा खरखराट: चोर सापडला

सापडला एकदाचा! माझ्या हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) जी खरखर येत होती, तिचा उगम. मागे वॉटरफॉलवर (सिग्नलचं सरकतं चित्र) समान अंतराच्या ज्या धूसर पट्ट्या दाखवल्या होत्या, त्या शेजारच्या आबांच्या सोलर पंपाच्या कंट्रोलरच्या निघाल्या.

घरचा मेन स्विच पाडून, रिग (रेडिओ संच) बॅटरीवर घेऊनही मीटरवरचा एस९ (सिग्नलच्या जोराचा आकडा) हलत नव्हता, म्हणजे खरखर घरातली नव्हती. खरखराट दिवसाच येतो म्हणून काहींनी डी-लेयरचं (वरच्या वातावरणात दिवसा तयार होणारा विद्युतभारित थर) नाव घेतलं. पण डी-लेयर सिग्नल शोषतो, खरखर तयार करत नाही. परवा भर दुपारी आभाळ आलं आणि मीटर थेट एस४ वर. ढग सरला, पुन्हा एस९. औसा तालुक्यात पाऊस न देणारा ढग पहिल्यांदाच कामी आला.

मग ट्रान्झिस्टर घेऊन सोयाबीनच्या बांधाने निघालो. मिडियम वेव्हवर रिकामी जागा लावायची आणि रेडिओ फिरवायचा. आतल्या फेराइट रॉडचं (अँटेनाचं काम करणारी चुंबकीय कांडी) टोक उगमाकडे वळलं की आवाज मरतो, हाच नल. लांबून दिशा चोख मिळाली. पॅनलजवळ मात्र नल कुठेच सापडेना, कारण तिथे नुसता कंट्रोलरचा डबा नाही, सगळी वायरच बोलत होती. कंट्रोलर डीसी तोडून तोडून थ्री-फेज बनवतो. त्या धारदार कडांचे हार्मोनिक्स (पटीतल्या फ्रिक्वेन्सी) मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात. पॅनल ते कंट्रोलर वायर दहा मीटरच्या आसपास. ७.१ मेगाहर्ट्झचा पाव तरंग किती? साडेदहा मीटर! आबांनी फुकटात अँटेना उभा केलाय.

"मोटार बंद पडली तर रानाला पाणी तू देतूस का?" आबांचा पहिला प्रश्न. वॉरंटी चालू आहे, त्यामुळे डबा उघडायचा नाही. प्लस-मायनस एकत्र धरून बाहेरूनच क्लिप-ऑन फेराइट (खरखर अडवणारं चुंबकीय कडं) घातला. ऑनलाइन स्वस्त क्लिपवर मिक्स (फेराइटचा प्रकार) लिहिलेलंच नसतं; एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झ) मिक्स ३१ मागून घ्या. भंगार एसएमपीएसमधली (कॉम्प्युटरसारख्या पॉवर सप्लायमधली) पिवळी-पांढरी रिंग आयर्न पावडरची, इथे बिनकामाची. एका फेऱ्याने काही झालं नाही. इम्पिडन्स (अडथळा) फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून ती जाड वायर कशीबशी तीनदा ओवली. एस९ चा एस६! एका एसला ६ डीबी, म्हणजे १८ डीबी गेले की राव. दुपारी पुण्याचं स्टेशन स्पष्ट ऐकलं.

आता डायपोल (माझा तारेचा अँटेना) पश्चिमेच्या बांधावर न्यायचा बेत होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, तो राहू दे तिथेच. फीडपॉइंटला (जिथे केबल अँटेनाला जोडते) चोक घालतो, म्हणजे कोॲक्स केबलची बाहेरची जाळी खरखर ओढणार नाही. आणि ऐकायला वेगळा मीटरभराचा लूप (गोल अँटेना). तांब्याची नळी फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे मिळते. लूपच्या प्रतलाला काटकोनातला नल पंपाकडे वळवला की झालं. खालच्या वस्तीवरही सोलर पंप बसतोय म्हणे, तेव्हा लूप फिरता हवा. गाडीच्या वायपरची मोटर वापरून कुणी फिरवलाय का? तिच्या ब्रशचा आवाज बँडवर येतो का, तेवढं सांगा.