कोयनेचा भूकंप दहाला की अकराला?

पाटण-कराडकडच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तारीख तोंडपाठ असते. ११ डिसेंबर १९६७, पहाट, सगळे झोपेत. आणि बाहेरचे रिसर्च पेपर उघडले की त्यातल्या बऱ्याच ठिकाणी १० डिसेंबर. दोन्ही बरोबर आहे, कारण भूकंपवाले सगळं जागतिक वेळेत (यूटीसी) लिहितात आणि आपले पहाटेचे ४:२१ म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे १०:५१. आता यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही, पण धरणाची पातळी आपल्या वेळेनं लिहिलेली, पाऊस सकाळी साडेआठला मोजलेला, धक्के यूटीसीत, आणि हे तिन्ही कुणीतरी एका एक्सेल शीटमध्ये चिकटवलं की पुढं काय काय होतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा.

हे मुद्दाम सांगतोय. वेगवेगळ्या शाखांनी एकत्र यायला पाहिजे असं म्हटलं की आपल्याकडं वर्कशॉप होतं, एमओयू होतो, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो, जेवण चांगलं असतं. खरं काम असल्या तारखांच्या घोळापाशीच सुरू होतं आणि ते करायला कुणी बसत नाही.

कोयना हे त्याचं आपल्या दारातलंच उदाहरण. १९६२ ला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठायला लागलं, लगेच बारीक धक्के सुरू झाले, आणि ६७ ला ६.३ चा मोठा, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणामुळं सुरू झालेल्या भूकंपांत जगात आजवर यापेक्षा मोठा मानला गेलेला नाही. बरं, नुसत्या वजनानं जमीन फुटली असं नाही, शंभर मीटर पाण्याचा दाब म्हणजे दहा बार, खडकात आधीच साठलेल्या ताणापुढं तो किरकोळ. पाणी भेगांतून खाली झिरपतं, आतला दाब वाढवतं, आणि जी भेग सरकायच्या बेतातच होती ती सरकते. म्हणून पाणी चढल्यावर धक्के वाढतात आणि पुढं पाणी उतरताना पण वाढतात. आता बघा, पातळी इरिगेशनवाल्यांकडं, धक्क्यांची यादी सिस्मॉलॉजिस्टकडं, भेगांचा नकाशा जिओलॉजिस्टकडं. यातल्या एकट्या कुणाला हे कळलंच नसतं.

त्यात पेपरात रोज येतो तो टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी. गावात पण सगळे टीएमसीतच बोलतात, यंदा शंभर झाले का वगैरे. पण दाब ठरतो पाण्याच्या उंचीवर, आणि दरी खाली अरुंद वर रुंद असल्यानं तळातल्या दहा टीएमसीनं उंची जेवढी वाढते तेवढी वरच्या दहानं वाढत नाही. किती टीएमसीला किती उंची, तो तक्ता धरणाच्या ऑफिसात असतो, जाऊन मागावा लागतो, बास.

इंजिनिअर लोकांचं पण तसंच. धरण बांधताना भूकंपाचा आडवा जोर धरला होता गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के, आणि त्या पहाटे धरणातल्याच यंत्रावर नदीच्या दिशेनं नोंदला गेला जवळपास ४९ टक्के. जिथं उतार एकदम बदलतो त्या उंचीवर भिंतीला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. ती एक नोंद घेऊन अमेरिकेत बर्कले विद्यापीठात अनिल चोप्रा वगैरे इंजिनिअरांनी धरण कसं हललं ते सोडवलं आणि आजही जगभरातली सिव्हिलची पोरं कोयनेवर मॉडेल चालवून बघतात. एवढा फायदा झाला कारण नोंद दिली गेली, कपाटात राहिली नाही.

पुढं धक्के होतात तिथला खडकच बघायला खोल बोअर मारायचं ठरलं. इथले बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतलेच असल्यानं ते शक्य होतं. आधी दीडेक किलोमीटरची शोधाची भोकं, मग २०१६-१७ ला गोठणे गावी तीन किलोमीटरचं. रासाटी गावच्या भोकात ९३२ मीटरवर बसाल्ट (आपला काळा दगड) संपला आणि खाली डायरेक्ट ग्रॅनाइट-नाईस हा खूप जुना कठीण खडक, मध्ये जुना गाळाचा खडक असेल असं काहींना वाटत होतं, तो निघालाच नाही.

आणि कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेला खडकाचा लांब दांडका, बाहेर आला की खरी मजा. जिओलॉजिस्टला तो धुऊन पाहिजे, मार्करनं बाण काढून पेटीत ओळीनं लावायचा असतो. मायक्रोबायोलॉजीवाला म्हणतो हात लावू नका, धुऊ पण नका, कारण त्याला खडकातले जिवाणू पाहिजेत आणि ड्रिलिंगच्या पाण्यानं बाहेरची बाजू आधीच बाटलेली असते, त्याला आतलाच गाभा लागतो. तिसऱ्याला ताकद मोजायला तोच तुकडा दाबून फोडायचाय. तुकडा एक. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी कोयनेच्या कोअरमधल्या जिवाणूंवर काम केलंय, ते होऊ शकलं कारण कोअर कुणी कसा हाताळायचा याचा विचार झाला होता. आणि या सगळ्यात ज्याला कुणी विचारत नाही तो ड्रिलर. 'इथं पाणी गेलं' असं तो वहीत एका ओळीत लिहितो, म्हणजे तिथं उघडी भेग आहे, कधीकधी कोअरवरून कळायच्या आधी त्याला कळलेलं असतं. रिसर्च पेपरवर त्याचं नाव? सोडा.

माझी तक्रार तीच आहे. वह्या जुळवणाऱ्याला, एकक बदलून देणाऱ्याला, दोघांचं बोलणं एकमेकांना समजावणाऱ्याला ना पोस्ट ना प्रमोशन. पीएचडीला कुणी दोन विषयांच्या मधलं काही आणलं की कमिटी म्हणते हे आमच्यात बसत नाही, दुसऱ्या डिपार्टमेंटला जा, आणि ते परत इकडं पाठवतात. पोरगं दोन वर्षांत शहाणं होतं आणि सरळ एकाच विषयातलं सोपं काहीतरी उरकतं.

कराडात पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्सची लॅब आहे आणि त्याच गावात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज पण आहे. सिव्हिलच्या पोरांनो, फायनल इयरला तोच तोच काँक्रीटचा क्यूब दाबण्यापेक्षा पातळीचा तक्ता आणि धक्क्यांची यादी घेऊन बसा की एकदा. तारखा मात्र आधी आपल्या वेळेत करून घ्या.