छिछड्यांपासून २५ ग्रॅमच्या वडीपर्यंत : आमची वाटचाल

धंदा बापजाद्यांचा, मटणाचा. नागपुरातल्या आमच्या दुकानावर संध्याकाळी कुत्र्यांसाठी छिछडे, म्हणजे मटणाचे टाकाऊ तुकडे, न्यायला येणारी गिऱ्हाइकं पहिल्यापासून होती. अंगणात अल्सेशियन नाहीतर डॉबरमन बांधलेला असायचा आणि त्याला मोजूनमापून कुणी काही घालत नसे. मग धरमपेठेत, मनीषनगरात फ्लॅट उभे राहिले. पॉमेरेनियन, म्हणजे पॉम, होतेच, त्यांच्या जोडीला तसेच लहान जातीचे शित्झू आले आणि प्रश्नही बदलला : "दादा, आमचा कुत्रा तीन किलोचा आहे. कच्चंच द्यायचं म्हणतो, तर किती देऊ?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, बायकोकडे होतं. ती मायक्रोबायोलॉजी शिकलेली, आधी दुधाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने एक डिजिटल काटा आणला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत कुत्र्यांसाठी मोजून खाणं बनवायचा आमचा नवा धंदा सुरू झाला.

लहान कुत्र्याचं सगळं ग्रॅममध्ये असतं. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला नुसतं पडून राहायला किलोमागे दिवसाला साधारण ३० कॅलरी लागतात, तीन किलोच्या पॉमला ५३ च्या आसपास. म्हणजे मोठ्याला वजनाच्या दोन-अडीच टक्के खाणं पुरतं, लहानाला तीन-चार टक्के द्यावं लागतं. पण ते चार टक्के म्हणजे तरी किती, तर १२० ग्रॅम. त्यात कलेजी ५ टक्के धरली तर सहा ग्रॅम, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. गिऱ्हाईक मात्र प्रेमाने अर्धी वाटी घालतं, कारण कुत्रा कलेजीवर तुटून पडतो. रोज तेवढी गेली की आधी हगवण लागते आणि महिनोन्‌महिने चाललं तर 'अ' जीवनसत्त्व अंगात साठून सांधे आखडतात.

हाडाची गोष्ट याहून वाईट. नुसत्या खिम्यात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला हाडाशिवाय खिमा घातला की शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. पाय वाकतात, सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. "आम्ही तर शुद्ध मटण घालत होतो हो," असं म्हणत आलेले लोक मी पाहिलेत. म्हणून आम्ही बोकडाची छाती आणि बरगडी हाडासकट दळतो, बारीक जाळीतून दोनदा, आणि २५ ग्रॅमच्या वड्या पाडून गोठवतो. ढोबळ हिशेब ८० टक्के मांस, १० टक्के हाड, बाकी कलेजी आणि गुर्दा. एवढ्यावर जस्त आणि आयोडिन भागत नाही, ते वरून घालावं लागतं. नेटवर हा ८०-१०-१० चा आकडा मंत्रासारखा फिरतो, पण त्याखाली ही तळटीप कुणी लिहीत नाही.

आता खाटकाच्या नजरेचं काम. कलेजी आणि फुप्फुस मी स्वतः उजेडात धरून बघतो. पाण्याने भरलेला पांढुरका फोड दिसला की तो अवयव बाद. हा हायडॅटिडचा फोड. कुत्र्याने तो कच्चा खाल्ला की त्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि घरातल्या माणसाच्या पोटात गेली की त्याच्याच लिव्हरमध्ये तसाच फोड धरतो. उणे २० अंशांत काही दिवस ठेवलं की हा जंत मरतो. साल्मोनेला आणि ब्रुसेला हे जिवाणू मात्र मरत नाहीत, नुसते गोठून बसतात. म्हणून वडी फ्रिजमध्येच वितळवायची, भांडं वेगळं, हात साबणाने. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनने २०१२ मध्येच कुत्र्यांना कच्चं मांस देऊ नका असं सांगितलंय. आमच्याकडे येणारे डॉक्टरही तेच म्हणतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

सुरुवातीला सगळ्यात जास्त खप कोंबडीच्या मानांचा होता. स्वस्त, मऊ, लहान जबड्यात बसणाऱ्या, आणि दात साफ होतात म्हणून लोक नेत. दातांवरचं कीटण थोडं निघतंही, पण हिरडीखालचा रोग मानेने जात नाही आणि लहान जातींना तोच छळतो. २०१८ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या अभ्यासात कच्ची कोंबडी आणि कुत्र्यांच्या पायांतलं बळ जाणारा लकवा यांचा संबंध दिसला. संशय कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूवर. तेव्हापासून माना कमी केल्या. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये आमच्याच शहरात, गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. जानेवारीत अहवाल आला : बर्ड फ्लू, एच५एन१. संशय खाण्यातल्या कोंबडीवर गेला. त्याच आठवड्यात आम्ही कच्ची कोंबडी कायमची बंद केली. काही गिऱ्हाइकं रुसली. रुसू देत.

तेव्हापासून शिजवलेल्या खाण्याचा पसारा वाढला. शिजलेलं हाड काचेसारखं फुटतं, त्यामुळे त्यात हाड नाही. कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची पूड, एका चमच्यात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम. आज निम्म्याहून जास्त विक्री याचीच आहे. खरं सांगायचं तर बहुतेक पॉम-शित्झूंना हेच पुरेसं आहे, कच्च्याचा हट्ट कुत्र्याचा नसतो.

नागपूरचा मे महिना हा धंद्याचा खरा खर्च. पारा ४५ वर, त्यात लाइट गेली की डीप फ्रीझर उघडायची सगळ्यांना बंदी. जनरेटर घेतला, माल सकाळी नऊच्या आत पोचवतो, वर्ध्यापुढे पाठवतच नाही. त्यावर पाकीटबंद कुत्र्याच्या खाद्याला १८ टक्के जीएसटी. गुरांच्या खाद्याला काही नाही, हे समजतं. पण माझ्या बापाचे छिछडे बिनटॅक्सचे होते आणि त्याच बोकडाच्या माझ्या वडीला टॅक्स, हे काही पचत नाही.

गिऱ्हाइकांत अर्धी घरं शाकाहारी. एका काकूंनी गॅलरीत खास छोटा फ्रीझर ठेवलाय, चावी कामवाल्या मावशींकडे. काकू वडीला हात लावत नाहीत, पण वजनाची वही चोख ठेवतात.

कच्चं आम्ही सरसकट देत नाही. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर शिजवलेलंच. कुत्र्याला आधी पॅन्क्रियाची (स्वादुपिंडाची) सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, तेही बिनचरबीचं. आणि सहा महिन्यांखालच्या पिल्लासाठी फोन आला तर बायको आधी वजन विचारते, मग डॉक्टरांचं नाव.